गोळा

एकोणीस जानेवारी. ओह्रिडच्या तळ्यात
बिशपांनी लाकडी क्रूस भिरकावला
आणि आम्ही दीडशे जण उघड्या अंगाने
त्याच्यामागे पाण्यात कोसळलो,
पोतं फाटून बटाटे सांडावेत तसे.

मी स्पासे. भट्टीवाला.
पहाटे तीनला उठून पीठ मळतो,
बावीस वर्षं धगीपुढे उभा आहे.
त्यामुळे पोटऱ्या दगडासारख्या,
असं चारचौघांत सांगायचो.

गार पाणी आधी श्वास नेतं, मग कान,
मग बाकीचं एकेक.
माझ्यापुढे दोन डोकी होती. मग एक.
मग क्रूसच. ओला, हलका,
बोटांना लागलासुद्धा,
त्याची एक कड, सुताराने नीट न घासलेली.

आणि डाव्या पोटरीत कुणीतरी
आतून मूठ आवळली.

गोळा म्हणतात त्याला. साधा शब्द.
कणकेला चालतो, लोकरीला चालतो.
मी रोज चारशे गोळे वळतो;
हा मला वळत होता.
पोटरीतला पोटात आला, पोटातला गळ्यात,
आणि तोंड उघडलं तर
हाकेच्या जागी तळं.

क्रूस सोडला. म्हणजे,
सोडायचं असं ठरवलं नाही. हात आपणहून
पायाकडे धावला,
घर पेटल्यावर माणूस
कोनाड्यातला देव विसरून
पोराकडे धावतो तसा.

तेवढ्यात हनुवटीखाली एक पंजा.
"उताणा हो. उताणा हो, गाढवा."
आवाज ओळखीचा, अकरा वर्षं न ऐकलेला.
व्हांगेल.

होडी बांधायच्या खुंटावरून आमचं फाटलं होतं.
एक खुंट. लोखंडी, तोही गंजका.
त्याची आई गेली तेव्हा मी पाव पाठवले,
ते तसेच परत आले, फडक्यासकट.

आता तोच माझा अंगठा धरून
नडगीकडे ओढत होता,
दात वाजत असताना मोजत होता:
एक, दोन, तीन, सोडू नकोस, चार.
वर करडं आभाळ, एक पाणकावळा.
माझा तळवा त्याच्या छातीवर.
कुणाच्या छातीवर पाय देऊन
इतका निवांत मी कधीच पडलो नव्हतो.

तिकडे काठावर जल्लोष.
क्रूस मिर्चे नावाच्या शाळकरी पोराला मिळाला,
घंटा वाजल्या, फोटो निघाले.
व्हांगेलच्या बायकोने राकिया आणली,
अर्धी पोटरीवर, अर्धी पोटात.
तो कपडे घालून निघून गेला.
मीही हाक मारली नाही;
शब्द अजून फुगले नव्हते,
कच्चे कसे भट्टीत घालणार?

चार दिवस लंगडलो.
पाचव्या दिवशी सहाच्या सुमाराला दार वाजलं.
"एक पांढरा," तो म्हणाला,
"आणि तो, कडेला करपलेला."
करपलेला मी विकत नाही.
दिला.
सुटे मोजता मोजता त्याची नजर
फळीखाली घसरली, माझ्या डाव्या पायाकडे.
"टाच टेकते का?"
"टेकते."
"मग झालं."

खुंटाचं अजून कुणी काढलेलं नाही.
त्यानेही नाही, मीही नाही.

पण कधी रात्री झोपेत
पोटरी पुन्हा मूठ आवळते.
उठून बसतो, अंगठा ओढतो,
बायको जागी होऊ नये म्हणून
ओठांतल्या ओठांत मोजतो:
एक, दोन, तीन,
सोडू नकोस,
चार.