मागचं ओझं

निघण्याआधी हेटी
न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणते
आणि ट्रेलरचं नाक त्यावर टेकवते.
एकतीस किलो. "कमी आहे."
पाण्याचे दोन्ही कॅन मागच्या टोकाकडून
आसाच्या पुढे सरकवायला लावते मला.
आता सत्तेचाळीस. आता मान हलवते.

जीप आखूड. पुढची-मागची चाकं
एकमेकांच्या कुशीत असल्यासारखी.
बकरीगत कुठेही चढते,
पण मागे काही बांधलं की तिला उमगत नाही
कोण कोणाला नेतंय.

"साखळ्या फुलीत अडकव.
नाक निसटलं तर
त्यांच्या ओंजळीत पडेल, रस्त्यावर नाही."

विलोमोरच्या अलीकडे, उतारावर,
लोकरीच्या गाठोड्यांचा ट्रक शेजारून गेला
आणि शेपूट हललं.
आधी इतकंसं.
मग आरसाभर.
माझा पाय ब्रेककडे निघालेला.
"नको."
स्टिअरिंग सरळ. पाय वर.
बस, काही करू नकोस.

धूळ. कुंपण. मान वळवून बघणारा एक शहामृग.
आणि मागचं ओझं
हळूहळू, आपणहून, ओळीत आलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग तिने थर्मास उघडला.
"लोरेन्सने ब्रेक मारला असता," म्हणाली.
"माझाच मुलगा. मला माहीत आहे."
कप माझ्याकडे केला. साखर जास्त होती.

मुक्कामी मात्र मागे घेताना
ट्रेलर तीनदा कोपरासारखा मुडपला.
चौथ्यांदा आम्ही तो सोडवला
आणि दोघींनी, शिव्या देत,
हातानेच ढकलत
बाभळीखाली नेला.