जुळी

चपळगावात, रेवणसिद्धाच्या गोठ्यात
मी दोन नळ्या भरल्या:
एक गोऱ्ह्याची, एक कालवडीची.
सोलापूरला येऊन पाहिलं,
तर दोघांच्या रक्तात दोघं.

पोटात वारेला वार जुळलेली.
‘माझं’ कळायच्या आधीच
भावाचं रक्त आत आलं
आणि हिच्या हाडांत चूल मांडून बसलं.
राखणीची कुत्री तेव्हा डोळे न उघडलेली पिल्लं;
त्याच्याच वासावर वाढली.
आज त्याच्या कातडीचा तुकडा
हिच्या पाठीवर शिवला
तरी भुंकणार नाहीत.

रेवणसिद्ध ऐकून घेतो. मग विचारतो,
"गाभण राहील का?"

नाही.
त्याच रक्तानं तेवढं नेलं.

तो कानडीत काहीतरी पुटपुटतो,
गोऱ्ह्याला मागे ढकलतो,
आणि पेंडीची पाटी
आधी हिच्यापुढे सरकवतो.