चार मीटर दहा

क्रुआ-रूसच्या टेकडीवर, चौथा मजला, लिफ्ट नाही.
घासायचं मशीन मी आणि नादिरने
एकशे चार पायऱ्या उचलून वर आणलं
आणि दम खात दोघंही
न बोलता छताकडे बघत राहिलो.
चार मीटर दहा.

जाहिरातीत लिहिलंय: प्रकाशाने भरलेला लॉफ्ट,
मूळ तुळया, मूळ भिंती, मूळ आत्मा.
आत्म्याचा दर चौरस मीटरला सात हजार युरो,
पार्किंग वेगळं.

गिलावा खरवडून पिवळट दगड उघडा केलाय.
ज्यांनी तो गिलावा चढवला
त्यांना दगड झाकायचाच होता, थंडी आत येते म्हणून.
स्वयंपाकघरात काळं ग्रॅनाइट, नळाला उकळतं पाणी,
न्हाणीघर सगळं काचेचं.

मी लाकडी जमिनी घासतो, एकतीस वर्षं.
मला घर कळतं ते गुडघ्यांतून.

खिडकीपासून आत भिंतीपर्यंत
चार खड्डे, बशीएवढे,
अंगठा आडवा ठेवला तर बुडेल इतके खोल.
पलंगाचे नव्हेत, कपाटाचे नव्हेत.
इतकं जड, इतकी वर्षं, एका जागी
इथे एकच जण उभा असायचा: माग.
छत त्याच्या मापाचं.
खिडक्या त्याच्या, रेशमाचा रंग चुकू नये म्हणून.
माणसं उरलेल्या जागेत,
मागाच्या मागे, चुलीच्या वर, पोटमाळ्यावर,
जिथे ताठ बसता येत नाही.
पोटासाठी माळा, की माळ्यासाठी पोट,
कुणी विचारलं नसेल.

आता तो वाचनाचा कोपरा.
जाड उशी, पितळी दिवा, भिंतीवर एकच चित्र,
चित्रात एक चौकोन.

मशीन लावण्याआधी फटींतला कचरा मी हाताने काढतो.
निघाल्या दोन टाचण्या, अक्रोडाचं टरफल,
दोऱ्याला टांगायची शिशाची बारीक कांडी,
आणि बोटभर रेशीम,
राखेच्या रंगाचं, पण थुंकी लावून चोळलं
तर आतून किरमिजी.
नादिर म्हणाला, वीक.
म्हटलं, कुणाला?

खालच्या मादाम पेराशाँ, वय एक्क्याण्णव,
आवाजाची तक्रार करायला वर आल्या.
आम्ही मशीन बंद केलं.
त्या दारातच थबकल्या, मग म्हणाल्या,
"बंद का केलंत? लहानपणी
आवाजाशिवाय झोप यायची नाही मला.
बिस्ताँक्लाक, बिस्ताँक्लाक.
तो थांबला की आई दचकून उठायची,
धागा तुटला, की बाप पडला?"
आत या म्हटलं तर आल्या नाहीत.
चपला धुळीच्या होतील म्हणाल्या.

शुक्रवारी एजंट सोलेन गिऱ्हाईक घेऊन आली,
अनसीचं डेंटिस्ट जोडपं.
बाईंनी हात पसरले, "किती श्वास घेता येतो इथे!"
नवऱ्याने विचारलं, छत इतकं उंच का ठेवलं असेल?
सोलेन म्हणाली, प्रकाशासाठी.
मी ब्रश धूत होतो.
मला कुणी विचारलं नव्हतं.

मालकाचा हुकूम: जमीन आरशासारखी सपाट.
तीन खड्डे भरले मी. भुसा, डिंक, लाख,
घासणी, पुन्हा घासणी.
शोधून दाखवा.
चौथा, भिंतीकडचा, राहू दिला.
विसरलो म्हणेन.
तिथे दोन दारांचा फ्रिज येणार आहे,
दिसणार कुणालाच नाही.
फक्त तो जरासा डुगडुगेल,
आतल्या बाटल्या रात्री एकमेकींना लागत राहतील,
आणि कंपनीचा माणूस येऊन
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवेल,
उठताना हात झटकून म्हणेल,
जुन्या घरांत असं असतंच, मादाम.