उसनं विरजण

श्यूर गेला त्याच आठवड्यात वादळानं वीजही गेली,
सलग दोन दिवस.
तळघरातली बरणी ओड्वेगनं महिन्याभरानं उघडली:
वर हिरवी बुरशी, खाली जुन्या बुटाचा वास.
खापरपणजोबांपासून जपलेलं बिअरचं विरजण
तिनं उकिरड्यावर ओतलं,
हात धुतले,
बटाटे सोलायला बसली.

भाचा बर्गनहून आला. तिथं त्याचा बार आहे, चोवीस नळांचा.
खोकं उघडून त्यानं टेबलावर ग्लास मांडले:
ही ढगाळ. ही काळी, जळक्या पावाची कड चावल्यासारखी.
ही आंबट, हिरव्या सफरचंदानं दात शिवशिवतात तशी.
ही इतकी कडू, मावशी, की कान हलतील बघ.
तिनं प्रत्येकीचा एकेक घोट घेतला.
"छान आहेत," म्हणाली. "पाहुण्यांसारख्या."

"आणि मामाची?"
त्यानं वही काढली.

ओड्वेगनं आयुष्यात कधी बिअर केली नव्हती,
फक्त फांद्या आणून द्यायच्या, आणि शेवटी चाखायची.
"संत्र्याची साल," ती म्हणाली, "पण शेगडीवर विसरलेली.
मग धूर. फार नाही,
शेजारी कुणी मासे धुरावर टांगलेत, एवढाच.
फेस जवळजवळ नाहीच.
आणि गिळल्यावर, बऱ्याच वेळानं,
ओल्या लोकरी हातमोज्याला लागून राहिलेलं जुनिपर."
भाचा लिहायचा थांबला होता.

टोर्लैवच्या घरी जायला ओढा ओलांडावा लागतो.
चौदा वर्षं तो कुणी ओलांडला नव्हता,
एका बोटीपायी,
जी केव्हाच कुजून गेली.
ती दारात उभी राहिली. का आलीस, त्यानं विचारलं नाही.
माळ्यावर चढला, खोकत उतरला,
हातात बर्चच्या तुकड्यांचं कडं,
फटीफटीत वाळलेलं करडं यीस्ट.
"त्याचंच आहे. भांडणाच्या आदल्या उन्हाळ्यात उसनं नेलेलं.
परत करायचं राहून गेलं."
मग पाठ फिरवून:
"माझ्याकडे ते जरा वेगळं लागतं. अळंब्यासारखं.
पाणी माझं, पिंप माझं.
स्वभावही असेल."

शनिवारी फांद्या उकळल्या.
सातूचा गोड रस तांबूस होईतो चार तास गेले,
खिडक्या घामेजल्या, मांजर चुलीपासून हललं नाही.
तिनं मनगट बुडवून पाहिलं:
बाळाच्या आंघोळीइतकं कोमट.

कडं सोडताना ओरडायचं असतं.
आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर तेज,
असं श्यूर म्हणायचा, आणि त्याची फ्योर्डपल्याड ऐकू जायची.
ओड्वेग चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवते.
भाचा थांबलेला. ओढ्यापलीकडे
लाकडं फोडायचा आवाजही थांबलेला.

तिनं तोंड उघडलं.
निघाली ती गायींना परत बोलवायची जुनी हाक,
या घरात गायी नाहीत त्याला तीस वर्षं झाली.
पलीकडून आधी कुत्रा भुंकला,
मग एका म्हाताऱ्यानंही ओ दिली.

तिसऱ्या दिवशी पहिला पेला.
साल आहे.
धूर आहे, हो, एवढाच.
शेवटी जुनिपर यायला हवं तिथं
कुठूनसं अळंबं.
"मामाची आहे का?" भाच्यानं विचारलं.
"नाही," ती ओठ पुसत म्हणाली.
"दोघांची आहे."
आणि एक तांब्या काठोकाठ भरून,
वर बशी झाकून,
ओढ्याकडे निघाली, हळू,
सांडणार नाही अशी.