तिसरी पायरी

गाडी थांबवायची नव्हतीच.
समुद्र अजून चार तास लांब,
एसीनं सकाळीच मान टाकलेली,
मागं इल्मा आणि अर्मेल एका चार्जरवरून जुंपलेले,
आणि शेजारी बाबा, मांडीवर जर्दाळूंची पिशवी,
द्रिनेचं प्रत्येक वळण माझ्याआधी तोंडानं घेणारे:
"आता डावीकडं. आता लाकडाची वखार."
वखारीच्या जागी पेट्रोलपंप होता.
बाबा जरा गप्प.
मग पुन्हा, "आता डावीकडं."

मिनार एकदम समोर आला,
पोपलरांच्या वर, खडूसारखा पांढरा.
"शू लागलीय," अर्मेल म्हणाला.
"नवी आहे ती," बाबा म्हणाले. "नव्यात काय बघायचं?
पंपावर थांबव."
पंप मागं पडला होता.

मी पोरांना घेऊन उतरलो.
बाबा बसून राहिले, पट्टासुद्धा न सोडता,
काच वर, भर उन्हात.

आत गारवा. ओल्या चुन्याचा वास.
भिंतीत पांढऱ्या दगडांच्या ओळी, आणि मधेच काही काळपट,
कडा झडलेले,
लग्नात न बोलावता आलेल्या काकांसारखे.
"हे नदीनं परत दिले," झुमरा म्हणाली,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, जुलैतही पायांत लोकरी मोजे.
"बाकीचे त्याच जुन्या खाणीतले. सख्खेच,
पण ओळख पटायला वेळ लागेल, म्हणायचा हिल्मो गवंडी."
इल्मानं विचारलं, "मग ही मशीद खरी आहे का?"
झुमरानं तिला अंगणातला नळ दाखवला.
"पाणी पिऊन बघ."

मग तिचं लक्ष गाडीकडं गेलं.
"तो कोण भाजतोय तिथं?"
उत्तराची वाट न बघता गेली, काचेवर टकटक केलं.
"कुणाचा रे तू?"
काच दोन बोटं खाली आली.
"कल्हईवाल्या ओस्मोचा."
"म्हणजे तिसऱ्या पायरीचा खड्डा
तुमच्याच टोळीचा!"

हे मला ठाऊक नव्हतं.
मला एवढंच ठाऊक, की गोथेनबर्गच्या फ्लॅटमध्ये
ड्रॉवरात दोन अडकित्ते असताना
बाबा अक्रोड उंबरठ्यावर फोडायचे,
आणि खालची म्हातारी झाडूच्या दांड्यानं छत ठोकायची.

झुमरा सांगत होती:
मोजमापं होती, फोटो होते, विद्यापीठातले नकाशे होते,
खड्डा कशातच नव्हता.
मी म्हटलं हिल्मोला, अरे, तिसऱ्या पायरीवर,
उजव्या अंगाला, वाटीएवढा.
तो छिन्नी खाली ठेवून म्हणाला,
करतो की, एका दुपारचं काम.
पण मग तो माझा होईल, झुमरा. तुमचा नाही.
आणि गुळगुळीत ठेवून गेला.

बाबांनी पट्टा सोडला.
उतरताना गुडघा वाजला. पिशवीतला एक जर्दाळू
घरंगळत गेला, तो त्यांनी पाहिलाही नाही.
तिसऱ्या पायरीवर ते आधी उभे राहिले,
मग बसले, मग उजवीकडं सरकले.
झुमरानं एप्रनच्या खिशातून
गेल्या वर्षीचे चार अक्रोड काढले.
अर्मेलनं आवारातून धोंडा आणला, भलताच मोठा;
बाबांनी तो परत पाठवला, दुसरा मागवला,
हातात तोलून पाहिला.

तीन ठोके.
अक्रोड फुटला. आतला गर कडवट निघाला.
पायरीला काहीच झालं नाही.
बाबांनी अंगठा फिरवून पुन्हा पुन्हा पाहिलं,
चष्मा पुसून पाहिलं.
उरलेले तीन त्यांनी पोरांना फोडू दिले.
इल्मानं स्वतःच्या बोटावरच ठोका घातला
आणि रडली नाही.

त्यानंतर त्यांनी वळणं सांगितली नाहीत.
मी दोनदा चुकलो.

सीमेवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट चाळत विचारलं,
"नोंदवण्यासारखं काही?"
बाबा झोपेत होते असं मला वाटलं होतं.
त्यांनी मूठ उघडून खिडकीबाहेर धरली.
टरफलं.
तो पोरगा बघत राहिला, विशीतला असेल,
मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले,
आणि बाबा हात मागं घेईनात.