घट

फंजाच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी
एक बिनखिडक्यांची खोली आहे. किल्ली माझ्याकडे.
समुद्राचं पाणी गोडं करून, पंपांनी डोंगरावर चढवून
या बाजूला सोडलं की ते असं उतरतं
की गावातले नळ फाटतील.
पूर्वी इथे एक झडप होती. तो जोर
नुसता गिळत बसायची, रात्रंदिवस.
आता तिच्या जागी टर्बाइन, माझ्या छातीएवढं.

नदी नाही, धरण नाही.
पोफळीच्या वीजघरात बत्तीस वर्षं काढलेल्या अण्णांना
हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले,
"म्हणजे उतारावर सायकल सोडून डायनॅमो लावलाय."
बरोबर.
चढ कोणी चढवला, ते त्यांनी विचारलं नाही.

पाणी एका चालीनं येत नाही.
पहाटे वजूला नळ सुटतात, तेव्हा उसळतं;
दुपारी दोनला गाव झोपतं, तेव्हा रेंगाळतं.
म्हणून ड्राइव्ह. चाक फिरेल तसं फिरू दे,
हा मधे बसून सगळ्याचे पन्नास हर्ट्झ करून देतो.
दुभाष्यासारखा.
आणि दुभाष्या फुकट बोलत नाही.

दांड्यावर अडतीस पॉइंट दोन किलोवॉट.
जनित्रातून निघताना पस्तीस पॉइंट सहा.
ड्राइव्हच्या पलीकडे तेहेतीस पॉइंट नऊ.
शमसा अल-हिनाई मॅडम मस्कतहून आल्या की
शेवटच्या दोन आकड्यांमध्ये पेनाचं टोक ठेवतात:
"हा दीड-पावणेदोन कुठे जातो?"
मी कपाटाच्या दारावर हात ठेवायला सांगतो.
त्या हात ठेवतात. "गरम," म्हणतात, आणि लिहितात.

आमच्याकडे दागिना मोडताना सोनार घट धरतो,
अढीतल्या आंब्याला व्यापारी घट धरतो.
कोणी भांडत नाही.
काटा तेवढा समोर हवा.

खरं सांगायचं तर
पाणी निम्मं असतं तेव्हा ड्राइव्ह स्वतःचं खाऊन वर देतो.
पाणी भरून असतं तेव्हा नुसताच खातो.
आणि रात्री दोननंतर, पाणी दोरीएवढं झालं की
त्याचे पंखे, त्याचे दिवे, त्याचं ते तुपाच्या डब्याएवढं फिल्टर
ग्रिडकडूनच उधार घेतात. मीटर उलटा जातो.
एवढ्यासाठी समुद्र डोंगर चढला.

मॅडमना मी एक कागद दिला.
रात्री दोन ते चार यंत्र बंद, जुन्या झडपेलाच काम द्यायचं.
पहाटे पाच ते नऊ ड्राइव्ह बाजूला, जनित्र थेट ग्रिडवर.
एक कॉन्टॅक्टर, थोडी केबल. मंजूर झालं.
महिन्याच्या आकड्यावर त्यांनी दोनदा रेघ मारली,
मला दिलेला पेन परत मागितला नाही.

आठव्या दिवशी मुफज्जल दारात उभा,
हातात ट्रे. ट्रेमध्ये लिंबं.
बाहेर वाळवली तर शेळ्या ठेवत नाहीत,
म्हणून हा साफसफाईला येताना
कपाटाच्या वरच्या जाळीवर पसरून ठेवायचा.
पंधरा दिवसांत काळी, टणक, हलवली की वाजायची.
बाजारात किलोमागे जे मिळेल ते सिल्हेटला, बहिणीच्या फीला.
या वेळी हिरवट केस आले होते त्यांच्यावर.
"मशीन आजारी आहे का, भाई?"

मी म्हणालो, नाही. बरी झाली.

अण्णांनी एकदा फोन यंत्राजवळ धरायला सांगितला होता.
बत्तीस वर्षांच्या घरघरीनं त्यांच्या कानातले
वरचे सूर नेलेत; खालचे माझा फोन खातो.
तरी म्हणाले, "हां, फिरतंय."
काय पोचलं असेल?

हल्ली पाच वाजले तरी मी कॉन्टॅक्टर लगेच टाकत नाही.
अर्धा तास थांबतो.
वहीत लिहितो, 'प्रवाह स्थिर होईपर्यंत'.
खाली खजुरांच्या बागेत फलजचं पाणी वाटतात,
तिथे एवढ्याच वेळाला अथर म्हणतात;
कोणाचा एक, कोणाचे सहा, कोणाचा वारसात अर्धा.
वर जाळीवर लिंबं.
कपाट तापतंय.
पॉइंट आठ किलोवॉट-तास, रोजचा.
घट.