अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी
आपोंदी मॅडम म्हणाल्या, "डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडा."
आम्ही अकरा इंजिनियर हौसेनं पट्ट्या बांधून
किसुमूच्या बस स्थानकासमोर उभे,
आंधळी कोशिंबीर खेळायला आल्यासारखे.
"तासाभराच्या अंधारात
तुम्हाला फक्त भीती कळेल.
मला भीती नाही वाटत.
मला उशीर होतो."

मग पांढरी काठी टेकत त्या पुढे,
मागे आम्ही, वह्या घेऊन.
टक टक, फरशी.
ठप्प, माती.
खण्णकन् वाजला तो जाहिरातीचा खांब.
"हा गेल्या गुरुवारी नव्हता."
कुणीतरी लिहून घेतलं: खांब, गुरुवार.

तळलेल्या माशांचा वास आला
की त्या डावीकडे वळायच्या.
आमच्या नकाशात तो वास नव्हता.
ती टपरी होती,
लाल रंगात, अतिक्रमण म्हणून.

सायकलमार्गाच्या तोंडाशी ओकुमू थांबलेला,
हातानं फिरवायच्या तीनचाकीवर.
समोर पिवळे लोखंडी खुंट,
मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून.
"मोजा," मॅडम म्हणाल्या.
मी टेप लावला.
दोन खुंटांमध्ये अठ्ठ्याहत्तर.
ओकुमूची तीनचाकी ब्याऐंशी.
एवढ्यात एक मोटारसायकल,
मागे दोन बायका, एकीच्या काखेत कोंबडी,
हँडल तिरकं करून
खुंटांमधून सुळकन निघून गेली.

कुणी हसेना.
मग ओकुमूच हसला, तेव्हा सगळे हसले.

ते खुंट माझे.
सहा वर्षांपूर्वीच्या आराखड्यावर
उजव्या कोपऱ्यात माझी सही,
तिच्यावर ठळक अक्षरांत: सर्वांसाठी खुला.

टेप परत आत जाईना.
मी तो उगाच झटकत राहिलो.
"हे अंतर ठरवलं कुणी?"
सरोवराकडून वारा येत होता,
कंडक्टर ओरडत होते,
गप्प बसायला पुरेसा गोंगाट होता.
"मीच," म्हणालो.

त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.
"बरं झालं. आता कचेऱ्या हिंडायला नकोत.
पाना आणा, काढा एक."

पान्यानं निघणारे नव्हते ते.
दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडले होते,
आणि तेवढं एक काम
त्या रस्त्यावर अगदी नियमाप्रमाणे झालं होतं.
मी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं.